डोक्याकडची दोरी

वॉटी कारगिल आमच्या क्रेगमुर गावात, एडिंबरोच्या उत्तरेला, जोडे शिवायचा. त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय घडलं असं विचारलंत तर गावातले निम्मे लोक म्हणतील, "वॉटीचं? काही नाही. त्याचा थोरला भाऊ मात्र मोठा माणूस झाला, लंडनात." हे लोक वॉटीच्या तोंडावरसुद्धा बिनदिक्कत म्हणायचे, आणि तो बाबा मान डोलवायचा. त्या मान डोलवण्याची चीड यायची अगदी. पण तो तसाच होता, आणि तो तसा का होता हे त्याच्या आईपासून सांगावं लागतं.

आईचं नाव यूफन. तिचे आजोबा पाद्री होते. पुढे घराणं बसलं, बापानं होतं नव्हतं ते घालवलं आणि यूफनच्या वाट्याला जोडे शिवणारा नवरा आला. नवरा भला होता, पण त्याच्या अंगाला कातड्याचा आणि मेणाचा वास यायचा, आणि तो वास तिनं कधी मनापासून माफ केला नाही. पहिला मुलगा झाला तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवरच तिनं सांगून टाकलं, "हा आरीला हात लावणार नाही. हा पाद्री होणार." तो मुलगा म्हणजे गिल्बर्ट, घरातला गिब्बी. दुसरा झाला तो वॉटी. त्याच्याबद्दल तिनं काहीच सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, दुकानाला कोणीतरी लागणारच होतं.

घर दोन खोल्यांचं. एकीत बाप आणि वॉटी आरी-रापी घेऊन बसायचे, दुसरीत खिडकीपाशी गिब्बी पुस्तकं घेऊन. मधे आईनं जुन्या शिडाचं जाड कापड टांगलं होतं, गिब्बीला हातोडीचा आवाज जाऊ नये म्हणून. कापडानं कुठे आवाज अडतो? पण तिला वाटायचं अडतो, म्हणून बापलेक हातोडीसुद्धा चोरासारखी मारायचे. कोंबडीनं अंडं घातलं की ते गिब्बीचं. बाकीच्यांना ओटची लापशी. वॉटीला त्याचं काही वाटायचं नाही. खरंच वाटायचं नाही. थोरला अंडं खातो, आपण लापशी खातो, उत्तरेकडून वारा येतो, असंच ते त्याच्या डोक्यात बसलेलं होतं.

शनिवारी संध्याकाळी आंघोळीचं पाणी तापलं की आई गिब्बीचे हात आपल्या हातात घ्यायची. उलटसुलट करून बघायची, शेजारच्या बायकांना दाखवायची. "बघा गं. पाद्र्याचे हात आहेत हे. एक मेणाचा डाग दाखवा." शेजारणी तोंडावर हं हं करायच्या आणि बाहेर पडल्यावर नाकं मुरडायच्या. वॉटी तेव्हा आपले हात टेबलाखाली ठेवायचा. त्याला कोणी ठेव म्हणून सांगितलेलं नव्हतं.

एकदा काय झालं, गिब्बी कापड बाजूला करून पाणी मागायला दुकानात आला. त्याचा धक्का फळीला लागला आणि वरची रापी, कातडं कापायची सुरी, घरंगळली. ती गिब्बीच्या हातावर पडणार तोच वॉटीनं मधे हात घातला. अंगठ्याच्या मुळाशी कातडं पार उघडं पडलं, रक्ताची धार लागली. आवाज ऐकून आई धावत आली. जमिनीवर रक्त बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कोणाचं? कोणाचं रक्त?"

"वॉटीचं," बाप म्हणाला.

"वॉटीचं होय?" तिनं छातीवरचा हात खाली घेतला. "मग ठीक आहे."

आणि चिंधी आणायला आत गेली. चिंधी तिनं चांगली बांधली हो, घट्ट आणि स्वच्छ. ती दुष्ट नव्हती. पण "मग ठीक आहे" हे शब्द ती जखम भरून आली तरी वॉटीच्या कानात राहिले, आणि अंगठ्याखालचा वणही राहिला, जाड आणि वाकडा.

गिब्बी हुशार होता, त्यात खोट काढायला जागा नाही. गढीवरच्या बाईसाहेबांच्या कानावर त्याचं नाव गेलं, त्यांनी त्याला एडिंबरोला शिकायला पाठवलं. तो तिकडे असतानाच बाप गेला. आमच्याकडे पुरताना पेटी खाली सोडायला दोऱ्या असतात आणि प्रत्येक दोरी कोणाची हे ठरलेलं असतं. डोक्याकडची दोरी थोरल्या मुलाची. दुसऱ्याची पायाकडची. बायका स्मशानात येत नाहीत, घरीच थांबतात. गिब्बी काळे हातमोजे घालून आला, डोक्याकडची दोरी धरली आणि तिसऱ्या दिवशी परत गेला. लोक परतून दाराशी आले तेव्हा आईनं विचारलं ते एवढंच, "गिब्बीनं दोरी नीट धरली ना?"

"नीट धरली," वॉटी म्हणाला.

"माझीही तोच धरेल," ती म्हणाली. त्या दिवशी तिच्या तोंडावर दुःखाइतकाच अभिमान होता, आता खोटं कशाला बोलायचं.

पुढे गिब्बीला प्रवचनाचा परवाना मिळाला आणि तो आमच्या चर्चमध्ये पहिलं प्रवचन द्यायला उभा राहिला. आई सगळ्यांत पुढच्या बाकावर. गिब्बीनं खिशातून कागद काढला आणि वाचायला लागला. अरे देवा! आमच्या लोकांना कागदावरून वाचणारा पाद्री म्हणजे उष्टं वाढणारा स्वैपाकी. देवानं शब्द दिले असतील तर ते तोंडून येतात, खिशातून येत नाहीत. त्यात त्यानं वाचलं तरी काय! अमुक कारण, म्हणून अमुक परिणाम, म्हणून तमुक. नरक नाही, अश्रू नाहीत, एकसुद्धा गोष्ट नाही. लोक बाहेर पडताना म्हातारा पीटर डाल्गेटी मोठ्यानं म्हणाला, "पोरगा शहाणा आहे. देवाचं आणि त्याचं बोलणं अजून झालेलं दिसत नाही." ते ऐकून सगळे हसले. आईनं ऐकलं नाहीसं दाखवलं.

कोणत्याच गावानं त्याला पाद्री म्हणून बोलावलं नाही. दोन वर्षं वाट बघून तो लंडनला गेला, तिथे मासिकांतून लिहायला लागला आणि हळूहळू देव त्याच्या लिखाणातून, मग डोक्यातूनही गेला. आईला हे कोणीच सांगितलं नाही. तिचे डोळे तोवर मोतीबिंदूनं गेले होते. गिब्बीचं पहिलं जाडजूड पुस्तक आलं, हिंदुस्थानचा इतिहास, तेव्हा तिनं त्याच्यावर हात फिरवत विचारलं, "सगळी प्रवचनं?" वॉटीनं बायकोकडे बघितलं. बायको एल्सपेट, जिभेनं तिखट आणि मनानं सरळ. ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "हो आई, प्रवचनंच आहेत. मोठमोठी." त्या दिवसापासून ते पुस्तक म्हातारीच्या उशाशी.

गिब्बीची शिकवण काय होती ते शाळामास्तरांकडून गावात पोचायचं. प्रत्येक गोष्ट तराजूत घालायची. एका पारड्यात सुख, दुसऱ्यात दुःख. जिच्यानं जास्तीत जास्त माणसांचं भलं होतं ती गोष्ट चांगली, मग ती परंपरेनं सांगितलेली असो वा नसो. राजा, सरदार, पाद्री, नातीगोती, सगळ्यांना तोच तराजू. वॉटीला हे फार पटायचं. तळ शिवता शिवता तो त्यावर विचार करायचा. एकदा त्यानं एल्सपेटला विचारलं, "आपण दोघं गं कुठल्या पारड्यात?"

"आपण तराजू धरणारे," ती म्हणाली. "धरून धरून हात मोडले आणि वजन मात्र दुसऱ्यांचं."

गिब्बीच्या पायाच्या मापाचं लाकडी कलबूत, जोडे बेतायचा साचा, वॉटीनं फळीवर जपून ठेवलं होतं. त्यावर तो दर हिवाळ्याआधी एक जोड शिवायचा, सगळ्यांत चांगल्या कातड्याचा, आणि लंडनला धाडायचा. उत्तर यायचं, "जोडे मिळाले. उपयोगी आहेत." एल्सपेट हे वाचून दाखवताना हसून हसून बेजार व्हायची. "उपयोगी! अगं बाई, केवढी ही माया! उद्या देवदूत भेटला तर त्यालाही म्हणेल, पंख उपयोगी आहेत."

"तो तसाच आहे," वॉटी म्हणायचा. "मनात असतं त्याच्या."

"कुठे असतं? दाखव बघू मला."

अशी वर्षं गेली. मग एका शरदात म्हातारीची डावी बाजू लुळी पडली. शुद्ध होती, बोलता येत होतं, पण डॉक्टर दाराबाहेर येऊन वॉटीच्या खांद्यावर हात ठेवून गेला, त्यात सगळं आलं. म्हातारी भिंतीतल्या फळ्यांच्या पलंगात पडून राहायची आणि एकच म्हणायची, "गिब्बीला बोलवा. मला त्याचा हात हातात घेऊ दे. आणि दोरी त्यानं धरली पाहिजे."

एल्सपेटचा मावसभाऊ टॅम स्पिंक माँट्रोजहून लंडनला मासळी नेणाऱ्या गलबतावर होता. वॉटीनं त्याच्याकडे निरोप दिला, सोबत त्या वर्षीचा जोडही दिला असता, पण टाचेचं काम राहिलं होतं. "येईल तेव्हा इथेच घालेल," तो म्हणाला. टॅम गेला. दार वाजलं की म्हातारी विचारायची, "आला?" वॉटी म्हणायचा, "वारा उलटा आहे गं आये. येतोच आहे." पहिल्यांदा म्हणताना त्याला ते खरं वाटत होतं.

टॅम परत आला तो एकटाच. धुकं इतकं दाट होतं की तो अंगणात येईपर्यंत दिसला नाही. वॉटीनं त्याच्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. त्यानं टॅमला दुकानात घेतलं, मधलं कापड ओढून घेतलं, आणि एल्सपेट तशीच पिठाच्या हातांनी येऊन उभी राहिली.

"आजारी आहे का?" वॉटीनं विचारलं.

"ठणठणीत आहे," टॅम म्हणाला. "बसवलं मला, थंड मटण आणि बिअर दिली. वाईट नाही रे तुझा भाऊ. पण त्याच्याशी बोलायचं म्हणजे न्यायाधीशापुढे उभं राहायचं. म्हणाला, मी आलो तर ती बरी होईल का? मी म्हटलं, नाही. तिला दिसतं का? म्हटलं, नाही. मग म्हणाला, इथे मी कोट्यवधी माणसांच्या राज्यकारभाराचं लिहितोय. ते महिनाभर थांबवायचं आणि दुसऱ्या पारड्यात काय, एका म्हातारीचा एक तास? तूच सांग टॅम, वजन कुठे जास्त?"

"आणि तू काय म्हणालास?" एल्सपेटनं विचारलं.

"मला काय सुचणार? उत्तर सुचलं गलबत यार्मथच्या पुढे आल्यावर. तेव्हा सांगू कोणाला, माशांना? दोरीचंही बोललो मी. तर म्हणतो, मेलेल्याला दोरी कोणी धरली ते कळत नाही. मी चिडलो. म्हटलं, हिंदुस्थानाबद्दल एवढं लिहिता, मी मोठ्या जहाजावर असताना दोनदा मुंबई बंदरात उतरलोय, तुम्ही कधी गेलात? तर म्हणतो, म्हणूनच तुला काही ठाऊक नाही. तू एक धक्का बघितलास आणि चार हमाल. मी इथे खोलीत बसून सगळं कागदोपत्री बघतो. जवळून बघणाऱ्याचे डोळे भावनेनं भरतात, लांबून स्वच्छ दिसतं."

"आपल्याकडेही लांबूनच बघतोय," एल्सपेट म्हणाली. "किती स्वच्छ दिसत असेल नाही!"

अर्धवट राहिलेल्या टाचेवरून वॉटी बोट फिरवत होता. शेवटी त्यानं विचारलं, "आईसाठी काहीच सांगितलं नाही?"

"सांगितलं. म्हणाला, तिला समाधान होईल ते सांगा. त्यानं कोणाचं नुकसान होत नसेल तर ते सांगणं चांगलंच आहे."

आतून म्हातारीचा आवाज आला. "कोण आहे? आला का?"

आणि या जागी वॉटीनं जन्मात पहिल्यांदा आपल्या मनानं काहीतरी केलं. म्हणजे थोरल्याच्याच मनानं केलं म्हणा, पण पाऊल त्याचं होतं. तो कापडाआडून म्हणाला, "हो आये! आला गं! धुक्यात भिजलाय, कपडे बदलून येतो."

एल्सपेटनं त्याचा दंड धरला. "डोकं फिरलं का तुझं?"

"आवाज आमचा दोघांचा सारखाच आहे," वॉटी कुजबुजला. "तिला दिसत नाही. गिब्बी म्हणाला तेच करतोय मी. तिला सुख, नुकसान कोणाचंच नाही."

"आणि पाप?"

"पाप कुठल्या पारड्यात घालतात ते टॅमनं विचारायला हवं होतं."

एल्सपेटनं त्याचा दंड सोडला. या सासूचं हगणंमुतणं तिनं काढलं होतं, आणि त्या बदल्यात रोज गिब्बीचं कौतुक ऐकलं होतं. तरी तिचे डोळे भरले. "चल मग," ती म्हणाली, "करायचंच तर नीट करू."

त्यांनी सगळ्याचा विचार केला. वॉटीच्या लाकडी तळाच्या जोड्यांचा आवाज म्हातारी अंगणातून ओळखायची, म्हणून गिब्बीचा नवा जोड पायात घातला. टाच अपुरी, आणि वॉटीचा पाय मोठा, बोटं मुडपली तेव्हा कुठे गेला आत. अंगाचा मेणाचा वास जावा म्हणून टॅमचा तंबाखूच्या वासाचा डगला चढवला. गिब्बी आता साहेबी बोलत असणार म्हणून वॉटीनं दोन वाक्यं तोंडातल्या तोंडात घोळवली. वास, पावलं, बोलणं, सगळं झालं. एक गोष्ट मात्र तिघांच्याही लक्षात आली नाही. येणार कशी? आमच्या आळीत सगळ्यांचे हात तसलेच. हाताकडे कोण बघतं?

वॉटी पलंगापाशी जाऊन बसला. "आई," तो हळूच म्हणाला, "मी आलोय. प्रवास सुखरूप झाला."

म्हातारीनं तोंड त्याच्या बाजूला वळवलं. त्या चेहऱ्यावर जे आलं ते वॉटीनं आधी कधी एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. बघायला मिळायचं ते दुकानातून, कापड हललं तर.

"गिब्बी," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. हे सगळे म्हणायचे वारा, वारा. माझ्या गिब्बीला वारा अडवतो होय? जेवलास का? एल्सपेट! अंडं आहे का घरात?"

"आहे आई," एल्सपेट भिंतीला टेकून म्हणाली.

"उकडून दे त्याला. वॉटी कुठाय?"

"दुकानात आहे," वॉटी म्हणाला.

"असू दे. काम करू दे त्याला. प्रार्थना म्हण रे गिब्बी. तुझ्या तोंडून ऐकू दे."

वॉटीला एकच प्रार्थना नीट येत होती, बाप जेवणाआधी म्हणायचा ती, लापशीबद्दल देवाचे आभार मानणारी. तीच म्हणाला. म्हातारी ओठ हलवत ऐकत राहिली. "किती साधी केलीस," ती म्हणाली. "मोठी माणसं साधंच बोलतात. दे, हात दे मला तुझा."

आणि तिनं उजवा हात चाचपडत पुढे केला. वॉटीनं एल्सपेटकडे बघितलं. एल्सपेटनं तोंडावर हात घेतला. मागे सरकायला जागा नव्हती. त्यानं हात दिला.

म्हातारीची बोटं त्याच्या तळव्यावरून गेली. थांबली. परत गेली. दोरा ओढून ओढून करंगळीखाली पडलेली खाच, आरीनं टणक झालेली बोटांची टोकं, मेणानं काळवंडून दगड झालेला तळवा, सगळं तिनं एक एक करून चाचपलं. मग अंगठ्याच्या मुळाशी आली आणि तिथला वण तिला लागला.

"हे काय?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला. "गिब्बी, हे काय रे? कोणी केलं? तुला कामाला लावलं त्यांनी?"

वॉटी हात मागे घ्यायला गेला, पण म्हातारीनं तो सोडला नाही.

"मी तुला कशालाही हात लावू दिला नाही रे. पाण्याची बादली उचलू दिली नाही. आणि हे काय करून घेतलंस? हे कोणी कापलं? किती दुखलं असेल माझ्या बाळाला!" तिनं तो हात ओढून आपल्या गालाशी नेला, वणावर ओठ टेकले, आणि रडायला लागली. त्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहून वॉटीच्या बोटांमधून खाली आलं. "वाया गेलं," ती म्हणत होती, "सगळं वाया गेलं माझं."

वॉटी तसाच बसून राहिला. ज्या हातांकडे तिनं उभ्या आयुष्यात बघितलं नाही ते ती गालाशी धरून बसली होती. त्याला वाटलं, असंच राहावं. देवा, थोडा वेळ असंच राहू दे. पण ती हुंदके द्यायला लागली, तिचा श्वास घुसमटायला लागला, आणि ते त्याच्यानं बघवेना.

"आये," तो म्हणाला, आपल्या नेहमीच्या बोलीत. "आये गं, रडू नको. गिब्बी नाही मी. वॉटी आहे. मी तुला फसवलं. गिब्बीचे हात आहेत तसेच आहेत, मऊ. कसला डाग नाही त्यांना. टॅम बघून आलाय."

म्हातारी रडायची थांबली. तिची बोटं त्याच्या हातावरून आणखी एकदा फिरली, या वेळी भराभर, खात्री करून घ्यायला.

"वॉटीचे होय?" ती म्हणाली. एक मोठा श्वास सोडला. सगळा चेहरा सैल झाला. "मग ठीक आहे."

आणि तिनं त्याचा हात सोडून दिला. पुस्तकाकडे चाचपडत गेली, त्यावर पंजा ठेवला, आणि डोळे मिटले. गिब्बी का आला नाही हे तिनं विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळचे दिवे लावायच्या आधी ती गेली, आणि तिच्या तोंडावर समाधान होतं. समाधानच होतं, एल्सपेट आणि टॅम दोघांनीही बघितलं.

गावच्या रिवाजाप्रमाणे छातीवर मिठाची बशी ठेवली, घड्याळ थांबवलं, आणि तिला पेटीत ठेवताना घरची माणसं जवळ उभी राहिली. पुरायच्या दिवशी धुकं तसंच होतं. स्मशानात सुतारानं दोऱ्या वाटायला घेतल्या आणि डोक्याकडची दोरी हातात धरून तो इकडेतिकडे बघायला लागला.

"थोरला नाही आला?" पीटर डाल्गेटी म्हणाला, आता पार वाकलेला. "मग ही तुझी रे वॉटी. घे."

वॉटीनं मान हलवली. "ती म्हणाली होती, गिब्बीच धरेल."

"ती बघायला येणार आहे होय? धर मुकाट्यानं. आम्हाला थंडी वाजतेय."

वॉटीनं धरली. त्याच्या जागी पायाकडे टॅम उभा राहिला. पेटी खाली जाताना सगळं वजन डोक्याकडे येतं, आणि ती दोरी नव्या काथ्याची होती, दुसऱ्या कोणाचे तळवे सोलून निघाले असते. बापाच्या वेळी गिब्बीनं म्हणूनच हातमोजे घातले होते. वॉटीला काही लागलं नाही. पेटी हलकेच, एकीकडेही न कलता खाली टेकली, आणि लोक म्हणाले, छान धरलीस.

घरी एल्सपेट दाराशीच उभी होती. लोकांना व्हिस्की आणि केक देऊन झाला, सगळे पांगले, तेव्हा तिनं एवढे दिवस पोटात ठेवलेलं विचारलं.

"कशाला सांगितलंस रे तिला? रडू द्यायचं होतंस. जन्मात एकदा तुझ्या हातांसाठी रडत होती ती."

वॉटी पायातले जोडे काढत होता. गिब्बीचाच जोड होता तो, स्मशानातही तोच घालून गेला होता, आणि बोटं सुजून लाल झाली होती. त्यानं एक जोडा काढला, दुसरा काढला, दोन्ही नीट शेजारी ठेवले.

"माझ्या हातांसाठी कुठे गं," तो म्हणाला. "गिब्बीच्याच हातांसाठी रडत होती ती."

मग त्यानं ते जोडे मांडीवर घेतले, आरी शोधली आणि राहिलेली टाच शिवायला बसला.